ब्लाउजचे टक्स दुरुस्त करताना: छातीच्या बसणीसाठी कागदावरच करायचे बदल

साडीवरचा ब्लाउज छातीवर नीट बसत नसला की बहुतेक जणी, आणि पुष्कळदा शिवणारेही, सर्वांत आधी बगलेची शिवण आत घेतात किंवा बाहेर सोडतात. त्याने घेर कमी-जास्त होतो, परंतु टकाच्या, म्हणजे आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या घडीच्या, टोकाशी उरलेला पोकळ फुगा, हुकांच्या मधल्या फटी, काखेपाशी सुटलेला मुंढा (बाही जोडायची गोलाई) किंवा वाकल्यावर उघडा पडणारा गळा यांपैकी एकही दोष जात नाही. हे सगळे दोष घेराचे नसून आकाराचे असतात आणि पुढच्या भागाला आकार टक्स देतात. म्हणून दुरुस्तीही टक्सपासूनच सुरू करावी लागते, आणि तीही ठरावीक क्रमाने: आधी टकाची दिशा, मग त्याची खोली आणि शेवटी त्याची लांबी. दिशा चुकलेली असताना खोली वाढवत राहिले, तर ब्लाउज घट्ट होतो, पण बसत नाही.

पुढील विवेचन चार टक्सच्या साध्या ब्लाउजला धरून केले आहे. घरी शिवणाऱ्यांना हाच प्रकार सर्वांत परिचित असतो आणि त्याचे गणित एकदा उमगले की कटोरी व प्रिन्सेस कट, म्हणजे टक्सऐवजी शिवणींनी आकार देणारे प्रकार, समजायला वेळ लागत नाही. या ब्लाउजच्या पुढच्या भागावर चार बाजूंनी टक्स येतात. एक खालून, छातीखालच्या पट्टीच्या कडेपासून वर जातो. दुसरा हुकपट्टीकडून, तिसरा मुंढ्यातून आणि चौथा बगलेच्या शिवणीतून निघतो. चौघांचीही टोके छातीच्या सर्वांत उंच बिंदूकडे, म्हणजे टक पॉइंटकडे वळलेली असतात.

मोजमापाविषयी एक खुलासा आधीच करायला हवा. शिवणकामात ‘अर्धा इंच टक’ म्हटले की तो घडीवर मोजलेला अर्धा इंच असतो आणि प्रत्यक्षात त्यात एक इंच कापड जाते. कागदावर मात्र टकाच्या दोन रेषांमधले पूर्ण अंतर दिसते. या दोन हिशेबांची गल्लत झाली की दुरुस्ती दुप्पट किंवा निम्मी होऊन बसते. या लेखात ‘घडीवर’ असे म्हटले असेल तेथे अर्धे माप समजावे आणि अन्यत्र पूर्ण.

मापे कोणती आणि कशी घ्यावीत

‘मापाचा ब्लाउज’ देण्याची आपल्याकडची पद्धत सोयीची आहे, पण टक्सच्या बाबतीत ती फसवी ठरते. जुन्या ब्लाउजवरून त्याची उंची, गळा आणि बाही मिळते. अंगाचा टक पॉइंट मात्र मिळत नाही, मिळतो तो त्या शिवणाऱ्याने मानलेला टक पॉइंट. शिवाय वय, बाळंतपण, वजनातील चढउतार यांमुळे हा बिंदू कालांतराने खाली येतो, त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या ब्लाउजवरून बेतलेला नवा ब्लाउज खांद्यात अचूक बसूनही छातीवर चुकतो. म्हणून मापे अंगावरच घ्यावीत आणि ब्लाउजखाली जे अंतर्वस्त्र प्रत्यक्ष घालायचे आहे तेच घालून घ्यावीत. साधी आणि पॅड असलेली ब्रा यांच्यात टक पॉइंट सहज अर्ध्या इंचाने वर-खाली होतो.

नेहमीच्या मापांखेरीज पाच मापे लागतात. पहिले अपर चेस्ट, म्हणजे टेप काखेतून काढून छातीच्या उभाराच्या वरून घेतलेला घेर. दुसरे पूर्ण छातीचा घेर; येथे टेप पाठीवर खाली घसरलेला नाही ना, हे आरशात पाहावे. तिसरे छातीखालचा घेर, जेथे ब्लाउजची पट्टी बसते. चौथे, मानेच्या कडेला जेथे खांदा सुरू होतो तेथपासून टक पॉइंटपर्यंतची उंची. पाचवे दोन टक पॉइंटमधले अंतर, ज्याचे निम्मे मध्यरेषेपासून मोजायचे असते. चौथे माप घेताना मान खाली घालून टेपकडे पाहिले की खांदा पुढे येतो आणि माप कमी भरते, त्यामुळे हे एक माप तरी दुसऱ्या कोणाकडून घ्यावे.

यांपैकी अपर चेस्टचे माप आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, आणि माझ्या मते अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ तेथेच आहे. छातीच्या पूर्ण घेरावरून सगळा ब्लाउज बेतला, तर खांदा, गळा आणि मुंढा यांचीही मापे त्याच आकड्यातून निघतात. ज्या स्त्रीचा हाडापेराचा बांधा लहान आणि छाती भरलेली आहे, तिला त्यामुळे छातीत बरोबर पण खांद्यावरून घसरणारा ब्लाउज मिळतो. उलट बांधा रुंद आणि छाती लहान असेल, तर टकाच्या टोकाशी कापड रिकामे राहते.

पाया म्हणून कोणता कागदी नमुना घ्यायचा, हे अपर चेस्टवरून ठरवावे. तयार नमुने साधारणपणे अपर चेस्ट आणि छाती यांत दोन इंचांचा फरक गृहीत धरतात. समजा, अपर चेस्ट ३४ आणि छाती ३८ इंच आहे. अशा वेळी ३८चा नमुना न घेता ३६चा घ्यावा. त्याचा खांदा, गळा आणि मुंढा बरोबर बसेल आणि छातीत कमी पडणारे दोन इंच पुढच्या भागातच, टक्सच्या मार्गाने वाढवता येतील. पाठीला त्या वाढीची गरज नसते. पुढचे सगळे उदाहरण याच मापांचे आहे. खांदा ते टक पॉइंट साडेदहा इंच आणि दोन टक पॉइंटमधले अंतर साडेसात इंच धरले आहे, तर नमुन्यावर तीच मापे पावणेदहा आणि सात इंच आहेत.

आधी दोष ओळखावा

नमुन्याला हात लावण्यापूर्वी मांजरपाटाचा एक चाचणी-ब्लाउज शिवावा. मांजरपाट धुतल्यावर आटतो, म्हणून आधी धुऊन इस्त्री करावा. बाह्या, अस्तर, गळ्याचे काम यांपैकी काहीही नको. पुढचे दोन भाग, पाठ आणि पट्टी एवढे पुरे. टक्स मशीनवर मोठ्या टीपेने किंवा हाताने धावदोऱ्याने घालावेत, म्हणजे उसवणे सोपे जाते. बगलेत दीड इंच माया (शिवणीबाहेरचे जादा कापड) ठेवावी.

हा ब्लाउज घालून पुढून पिना लावाव्यात आणि चुण्यांची दिशा पाहावी. चुणी ज्या बिंदूपासून ताणलेली दिसते तेथे कापड कमी आहे. झोल जेथे लोंबतो तेथे ते जास्त आहे. टक पॉइंटपासून चारी दिशांना ओढल्यासारख्या रेषा दिसत असतील आणि पुढची कड मध्यावर फाकत असेल, तर छातीला जागा अपुरी आहे. पट्टी छातीखाली न बसता वर चढत असेल, तर खांद्यापासून पट्टीपर्यंतची लांबी कमी पडते आहे. हा दोष घेराचा समजून अनेकदा बगल सोडली जाते आणि पट्टी तरीही वर चढतच राहते. बगलेच्या खालच्या कोपऱ्यातून टक पॉइंटकडे तिरकी घडी पडत असेल, तर बगलेचा टक कमी खोल आहे. मुंढ्याच्या पुढच्या बाजूला कापड सुटत असेल, तर तेवढे कापड मुंढ्याच्या टकात जायला हवे.

टोकाशी येणारा फुगा थोडा अधिक लक्ष देऊन पाहावा, कारण त्याची तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. टोक टक पॉइंटच्या फार जवळ किंवा त्याच्याही पुढे गेले असेल, तर फुगा बिंदूच्या पलीकडे दिसतो. टक गरजेपेक्षा खोल असेल, तर फुगा नेमका बिंदूवर येतो आणि बोटाने दाबला की आत जातो. दोन्ही ठीक असून शिवताना टीप घडीवर हळूहळू न उतरवता एकदम तोडली असेल, तर टोकाशी लहानशी चिमटीसारखी गाठ दिसते आणि ती इस्त्रीने जात नाही.

हे सर्व पाहून झाल्यावर, ब्लाउज अंगावर असतानाच, खरा टक पॉइंट पेनाने मांजरपाटावर टिंब देऊन नोंदवावा. दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे नोंदवावा. शरीराच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात आणि फरक दिसण्याजोगा असेल, तर डावा व उजवा असे दोन वेगळे कागद करणे हाच सरळ उपाय असतो.

टकाची दिशा बदलणे

मांजरपाटावरचे टिंब कागदावर उतरवले की जुना आणि नवा बिंदू यांतला फरक समोर येतो. आपल्या उदाहरणात बिंदू पाऊण इंच खाली आणि पाव इंच बगलेकडे सरकला आहे. आता चारही टक्स नव्या बिंदूकडे वळवायचे आहेत, पण चौघांना एकच कृती लागू होत नाही.

बगलेचा आणि हुकपट्टीचा टक मुळापासून खाली न्यावा लागतो. त्यासाठी टकाभोवती एक चौकट आखावी, जिची उभी बाजू मध्यरेषेला समांतर असेल. चौकट कापून पाऊण इंच खाली सरकवावी, मागे कोरा कागद चिकटवावा आणि तुटलेली बगलेची किंवा पुढची रेषा पुन्हा जोडून घ्यावी. टकाची खोली आणि कोन यात बदलत नाही, फक्त जागा बदलते. खालच्या टकाचे मूळ पट्टीच्या कडेवरच राहते, तथापि त्याचे टोक खाली आल्याने तो पाऊण इंचाने आखूड होतो. मुंढ्याच्या टकाचे मूळही जागेवरच राहते आणि तो जवळपास तेवढाच लांब होतो. या दोघांचे मूळ कायम ठेवून टोकाकडच्या रेषा नव्याने आखाव्यात आणि टकाच्या दोन्ही रेषा सारख्या लांबीच्या आहेत याची टेपने खात्री करावी. नाहीतर टक मिटवल्यावर एक कड दुसरीच्या खाली लोंबते.

खालचा टक आखूड झाल्याचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवावा. घडीवर पाऊण इंचाचा टक पाच इंच लांब असताना जो उतार देतो, त्याहून तोच टक तीन इंचात संपवला तर उतार पुष्कळ तीव्र होतो आणि छातीला शंकूसारखा टोकदार आकार येतो. टक अडीच इंचांच्या आत आला, तर त्याची खोली थोडी कमी करून उरलेले कापड बगलेच्या टकाकडे वळवणे योग्य.

टक्सची टोके प्रत्यक्ष बिंदूवर कधीही नेऊ नयेत. खालचा टक बिंदूच्या अर्धा ते पाऊण इंच अलीकडे थांबतो, बगलेचा आणि हुकपट्टीचा सुमारे एक इंच, तर मुंढ्याचा सव्वा ते दीड इंच. भरलेल्या छातीसाठी ही अंतरे प्रत्येकी पाव इंचाने वाढवावीत. रेषा बिंदूपर्यंत आखून घ्यावी आणि थांबण्याची खूण अलीकडे करावी, म्हणजे दिशा अचूक राहते.

छातीसाठी जागा वाढवणे

आता कमी पडणारे दोन इंच. पुढचे भाग दोन असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला एक इंच येतो. हे काम नेहमी शिवणीची माया वगळून केलेल्या कागदावर करावे आणि मूळ नमुना न कापता त्याची नक्कल वापरावी.

खालच्या टकाच्या मधोमध एक उभी रेषा पट्टीच्या कडेपासून टक पॉइंटपर्यंत न्यावी. तेथून ती वळवून मुंढ्याच्या टकाच्या किंचित खाली, मुंढ्याच्या कडेपर्यंत न्यावी. दुसरी रेषा बगलेच्या टकाच्या मधून टक पॉइंटपर्यंत आखावी. पहिली रेषा खालून कापत जावे आणि मुंढ्याच्या कडेशी कागदाचा अगदी धाग्याएवढा भाग जोडलेला ठेवून थांबावे. दुसरी रेषा बगलेकडून कापावी आणि टक पॉइंटपाशी तसाच बारीक सांधा ठेवावा. हे दोन सांधे बिजागरीचे काम करतात.

मध्यरेषेकडचा भाग टेबलावर पिनांनी पक्का करून बगलेकडचा भाग बाहेर सरकवावा. टक पॉइंटपाशी एक इंच फट पडली की थांबावे. मुंढ्याशी फट शून्य राहील, तर टक पॉइंटपासून खाली तिच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर, एक इंच अंतरावर असायला हव्यात. त्या समांतर होण्यासाठी बगलेकडचा खालचा तुकडा फिरवावा लागतो आणि तो फिरला की बगलेचा टक आपोआप उघडतो. तो किती उघडायला हवा, हे आपण ठरवायचे नसते. जेवढा उघडेल तेवढी त्या अंगाची गरज.

या टप्प्यावर बगलेकडची खालची कड मध्यरेषेकडच्या कडेपेक्षा खाली गेलेली दिसेल. हुकपट्टीच्या टकाच्या खाली, मध्यरेषेला काटकोनात एक आडवी रेषा आखून मध्यरेषेकडचा खालचा तुकडा कापावा आणि दोन्ही कडा एका रेषेत येईपर्यंत सरळ खाली न्यावा. पट्टी वर चढण्याची जी तक्रार वर सांगितली तिचा इलाज हीच वाढलेली लांबी करते. मग सगळ्या फटींमागे कागद चिकटवावा आणि टक पॉइंट पुन्हा मध्यरेषेपासून पावणेचार इंच मोजून नव्याने नोंदवावा, कारण कागद पसरल्यामुळे जुना बिंदू दुभंगलेला असतो.

खालच्या कडेला वाढलेला एक इंच तसाच सोडला, तर पट्टीपाशी घेर वाढेल. तो खालच्या टकात घालावा, म्हणजे घडीवर पाऊण इंचाचा टक सव्वा इंचाचा होतो. टक मिटवून खालची कड मोजावी. ती जुन्या मापाइतकीच भरली पाहिजे. बगलेची रेषा टक मिटवून पाठीच्या बगलेशी जुळवून पाहावी. एकच टक फार खोल वाटत असेल, घडीवर दीड इंचापुढे जात असेल, तर त्याचे दोन समांतर टक्स करावेत किंवा सरळ कटोरीकडे वळावे. मोठ्या फरकासाठी कटोरी अधिक चांगली, असे माझे मत आहे.

छाती लहान असेल, तर हीच कृती उलट करावी: फट पाडण्याऐवजी कडा एकमेकींवर चढवाव्यात. टक्स उथळ होतात आणि पुढची लांबी किंचित घटते. मुंढ्याचा व हुकपट्टीचा टक अशा वेळी पूर्णपणे काढून टाकता येतो.

गळा उघडा पडत असेल तर

मांजरपाटावर गळ्याच्या कडेला जेवढे कापड चिमटीत येते तेवढे पिनेने पकडावे. अर्धा इंच आले असे समजू. कागदावर गळ्यापासून टक पॉइंटपर्यंत रेषा आखून तिच्या कडेने तेवढी घडी घालावी, जी टक पॉइंटपाशी शून्य होईल. कागद सपाट राहणार नाही. खालच्या टकाची मधली रेषा टक पॉइंटपर्यंत कापली की तो सपाट होईल आणि खालचा टक तेवढ्याच कोनाने उघडेल. गळ्यातले सुटे कापड अशा रीतीने टकात गेले. टक पॉइंटभोवती टक कोठूनही कोठेही फिरवता येतो, त्याचा कोन बदलत नाही, हे तत्त्व यामागे आहे. कटोरी आणि प्रिन्सेस कट म्हणजे हेच टक्स फिरवून शिवणीत लपवलेले असतात. म्हणून प्रिन्सेसची शिवण टक पॉइंटपासून पाऊण इंचापेक्षा लांब गेली, की तिचा आकार छातीशी जुळेनासा होतो.

टकाचे तोंड आणि शिवण

कागदावर टक ज्या दिशेला दाबायचा त्या दिशेला घडी घालून मिटवावा आणि मग मिटलेल्या अवस्थेतच बगलेची किंवा पट्टीची रेषा कापावी. उघडल्यावर टकाच्या तोंडाशी एक छोटे टोक बाहेर आलेले दिसते. ते चुकून उरलेले नसते, टक शिवणीत पूर्ण अडकण्यासाठी लागते.

शिवताना रुंद बाजूने सुरुवात करून टोकाकडे जावे. शेवटच्या अर्ध्या इंचात टीप बारीक करावी आणि सुई घडीच्या जवळजवळ समांतर नेत अखेरचे दोन-तीन टाके घडीच्या अगदी कडेवर घ्यावेत. टोकाशी उलटी टीप मारू नये; दोरे लांब सोडून हाताने गाठ द्यावी. इस्त्री सपाट टेबलावर न करता टॉवेलची घट्ट गुंडाळी आत ठेवून तिच्यावर करावी, नाहीतर शिवलेला आकार पुन्हा चपटा होतो. बगलेचा टक खाली आणि खालचा टक हुकपट्टीकडे दाबावा.

कापडानुसार यात फरक पडतो. टू बाय टू रुबिया टक्स मुकाट्याने घेते. गुळेदगुड्डचा खण किंवा पैठणीचा ब्लाउजपीस तसे करत नाही. त्यांत टकाचे टोक टोचल्यासारखे उठून दिसते. अशा कापडात टक टोकापासून पाव इंच आणखी अलीकडे थांबवावा. घडीवर पाऊण इंचापेक्षा खोल टक असेल, तर शिवल्यावर घडी टोकाच्या एक इंच अलीकडेपर्यंत कापून उघडी दाबावी, म्हणजे जाडी दोन्हीकडे वाटली जाते. अस्तराचे टक्स स्वतंत्र शिवून मुख्य कापडाच्या विरुद्ध दिशेला दाबावेत. खणावरची बारीक बुट्टी टकात तुटते, तेव्हा दोन्ही पुढचे भाग एकमेकांवर ठेवून बुट्ट्यांच्या ओळी जुळल्यानंतरच कात्री लावावी.

तयार शिवलेल्या ब्लाउजमध्ये या सगळ्यांतले थोडेच साधते. खालच्या टकाचे टोक खाली आणणे म्हणजे टक आखूड करणे, टोक वर नेणे म्हणजे टीप पुढे वाढवणे आणि टक खोल करणे एवढे बिनधास्त करावे. टक उसवून जागा वाढवायची असेल, तर आधी आतल्या बाजूला सुईची भोके पाहावीत. सुती कापडात ती पाणी शिंपडून नखाने घासली की मिटतात. रेशमात कायम राहतात आणि नव्या टीपेच्या बाहेर रेघ म्हणून दिसतात. तेथे टक्सना हात न लावता बगलेच्या मायेतून मिळेल तेवढेच घ्यावे.